तुमच्या आधीचे बिऱ्हाडकरू: कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या व्यापाऱ्यांना खुले पत्र

गांधीनगरच्या समस्त व्यापारी बंधू-भगिनींस,



तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमच्या पेढ्यांवर माझ्या घरच्या तीन लग्नांचे बस्ते बांधले गेलेत. शेवटचा भाचीचा. सकाळी दहाला गादीवर मांडी घालून बसलो ते दुपारी तीनला उठलो. मानपानाच्या साड्या, पँटपीस, टॉवेल-टोप्या, विहिणीचा शालू, आणि त्या शालूवरून झालेली आमच्या दोन वहिन्यांची धुसफूस. दुसरा चहा आला तेव्हा पेढीवरच्या आजोबांनी मला विचारले, "बाई, तुम्ही मूळ कुठल्या?" उचगाव आजोळ, असे सांगितल्यावर ते खुलले. "मग तुम्हाला माहीत असणार. हे सगळं आधी कॅम्प होतं. आमच्या आधी इथं गोरे लोक राहायचे. कोण होते, कुठं गेले..." त्यांनी हात हवेत फिरवला आणि पुढचे गाठोडे सोडले.

त्यांचा हात जिथे हवेत फिरला, तिथून पुढचे सांगायला बसले आहे. शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवलाय, त्यामुळे थोडे लांबेल. सांभाळून घ्या.

माझी आजी १९४४च्या सुमारास डोक्यावर पाटी घेऊन वळिवड्याच्या याच कॅम्पात अंडी विकायला जायची. तिला मराठीखेरीज कुठली भाषा येत नव्हती, पण पाच-सहा परके शब्द शेवटपर्यंत तिच्या तोंडात होते. अंडे म्हणजे 'यायको'. दूध म्हणजे 'म्लेको'. 'जेन दोब्री' म्हणजे रामराम, आणि 'जेंकुये' म्हटले की समोरची बाई हसायची. आजोबा चेष्टा करायचे, "बायको निघाली यायको विकायला." आजी गेल्यावर मी हे शब्द शब्दकोशात शोधले. सगळे पोलिश निघाले, आणि उच्चारही जवळजवळ बिनचूक. गंमत म्हणजे अनेकवचनसुद्धा आपल्यासारखेच आहे: बायको-बायका, यायको-यायका. त्या भाषेचे एवढे व्याकरण आजी जन्मतःच घेऊन आली होती.

तर तुमच्या आधीचे बिऱ्हाडकरू पोलिश होते. जून १९४३पासून १९४८पर्यंत सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक बायका आणि मुले. पुरुष फार थोडे, तेही म्हातारे नाहीतर आजारी. हे लोक पोलंडच्या पूर्व भागातले. १ सप्टेंबर १९३९ला पश्चिमेकडून हिटलर घुसला हे आम्ही सगळ्या वर्गांना शिकवले. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून स्टालिनचे सैन्य घुसले, हे मात्र आमच्या शिकवण्यातून निसटायचे. मग १० फेब्रुवारी १९४०च्या पहाटे, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, हजारो घरांच्या दारांवर एकाच वेळी थाप पडली. सामान बांधायला अर्धा तास, काही ठिकाणी तोही नाही. दारे बाहेरून बंद केलेले मालगाडीचे डबे, आणि त्यापुढे सैबेरिया, अर्खांगेल्स्क, कझाखस्तान. गुन्हा काय? बाप जंगलखात्यात रखवालदार असणे. पहिल्या युद्धानंतर सैनिक म्हणून जमीन मिळालेली असणे. पुढच्या खेपांत, अटक झालेल्या माणसाची बायको असणे.

जून १९४१मध्ये हिटलर रशियावरच उलटला आणि स्टालिनला एकाएकी पोलिश शिपायांची गरज पडली. ऑगस्टमध्ये या लोकांना 'माफी' जाहीर झाली. ज्यांनी काही केलेच नव्हते त्यांना कशाची माफी, हे विचारायला कोणी थांबले नाही. जनरल आंदेर्स सैन्य उभारतोय एवढे कानावर आले आणि लाकूडतोडीच्या छावण्यांतून, सामुदायिक शेतांवरून माणसे दक्षिणेकडे निघाली. वाटेत टायफॉइड, टायफस, हगवण. १९४२मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून ते इराणच्या पहलवी बंदरावर उतरले. तिथे उवांमुळे सगळ्यांची डोकी भादरली आणि अंगावरचे कपडे जाळले. कित्येक जण सुटका झाल्यावर, पोटात अन्न पडल्यावर गेले. तेहरानच्या दुलाब दफनभूमीत दोन हजारांच्या आसपास पोलिश थडगी आहेत.

इराणातून त्यांना जहाजाने आणले ते कराचीला.

कराची हा शब्द तुमच्या घरात कसा उच्चारला जातो ते मी पेढीवर बसून ऐकलेय. आवाज जरा खाली येतो. त्या कराचीत, कंट्री क्लब नावाच्या कॅम्पात, पोलिश बायका-मुलांनी तंबूंत दिवस काढले आणि तिथून त्यांतले हजारो जण वळिवड्याला आले. पुढे चार-पाच वर्षांनी, फाळणीनंतर, त्याच बंदरातून तुमचे सिंधी आजी-आजोबा बोटीत बसले. एकाच शहरातून दोन वेळा माणसे निघाली आणि दोन्ही वेळा ती करवीर तालुक्यातल्या त्याच बराकींत येऊन उतरली. हा योगायोग कुणी कादंबरीत घातला असता तर मी त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

बराकी आता राहिल्या नाहीतच म्हणायच्या. तुमची तीन-तीन मजली दुकाने उभी आहेत तिथे कौलारू छपरांच्या लांब रांगा होत्या, भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या. एकेका कुटुंबाला एक-दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि पुढे पडवी. चर्च होते, दवाखाना होता, बालवाडीपासून मॅट्रिकच्या पुढपर्यंतच्या शाळा होत्या, स्काउटची पथके होती, नाटके व्हायची. छाती भरलेल्या, अशक्त मुलांना हवापालटासाठी पाचगणीला पाठवत. आजी सांगायची, त्यांच्या पोरी पडवीत फुलांचे वेल चढवायच्या आणि खिडक्यांना पडदे लावायच्या, "चार दिसांचं बिऱ्हाड, पर पडदा पायजेच." तिला त्याचे नवल वाटायचे. मला वाटते, पडदा लावणारीला बिऱ्हाड किती दिवसांचे आहे हे ठाऊक नसते.

आता थोडे आमच्याबद्दल, कोल्हापूरकरांबद्दल, कारण आम्हाला या गोष्टीत फार मिरवायला आवडते. 'आम्ही आश्रय दिला' हे वाक्य मी स्वतः कितीतरी भाषणांत म्हटले आहे. जामनगरच्या दिग्विजयसिंहजी जामसाहेबांबद्दल ते खरे आहे. बालाचडीला त्यांनी शेकडो पोलिश पोरक्या मुलांना आपली म्हणून ठेवून घेतले. वॉर्सात त्यांच्या नावाचा चौक आहे, 'भल्या महाराजांचा चौक'. ती मुलेही १९४६मध्ये बालाचडी बंद झाल्यावर वळिवड्यालाच आली. पण कोल्हापूरची गोष्ट वेगळी होती. राजाराम महाराज नोव्हेंबर १९४०मध्ये वारले होते. १९४३ साली गादीवर होते ते दत्तक घेतलेले बाळ, जेमतेम दीड-दोन वर्षांचे. कॅम्पातल्या कितीतरी मुलांपेक्षा राजा लहान होता, आणि १९४६मध्ये तोही गेला. जागा संस्थानची, हुकूम इंग्रजांचा, खर्च लंडनमध्ये बसलेल्या पोलंडच्या परागंदा सरकारचा. आणि भोवतालचा मुलूख? कॅम्प सुरू झाला त्याच जून महिन्यात, ७ तारखेला, शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने सरकारी पगाराची रेल्वेगाडी लुटली होती. सातारा-कुंडलकडे इंग्रजांविरुद्ध उठलेल्या त्या प्रतिसरकारची धामधूम होती. आमची माणसे आपल्याच घरात मालक नव्हती. ती कुणाला आश्रय कुठून देणार?

आजीने तरी उपकार कुठे केले? तिने अंडी विकली. रोख पैसे मिळाले, त्यातून एक म्हैस झाली. कॅम्पात गिऱ्हाईक होते म्हणून उचगाव-वळिवड्याची चार घरे वर आली. पण रोज सकाळी एकच बाई एकाच दारात गेली की देण्याघेण्यापलीकडे काहीतरी होतेच. आजीला एका घरातली तापाने फणफणलेली पोर आठवायची. तिच्या आईने अंडी घेतली नाहीत, नुसती दारात उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही तशीच. मग एके दिवशी दार बंद होते. आजीने हे मला सांगितले तेव्हा ती नव्वदीला आली होती आणि चुलीपाशी शेंगा फोडत होती. "कुटं नेली आसंल पोर," एवढेच म्हणाली. त्यानंतर मी, कॅम्पात वारलेल्यांना जिथे पुरले त्या, कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत गेले.

तुमच्या बाबतीतही आम्ही वेगळे वागलो नाही, हे कबूल करते. आधी नाक मुरडले. 'निर्वासित' हा शब्द आमच्या गल्लीत शिवीसारखा वापरलेला मी लहानपणी ऐकलाय. मग तुमच्या कापडाचा भाव कळला आणि सांगली, कोकण, बेळगावपासून माणसे रांगा लावून आली. पापडाचे म्हणाल तर तुमच्याकडूनच आमच्या घरी ते जेवणाआधी पाण्याबरोबर द्यायची पद्धत आली. सासूबाईंना अजून ती पटलेली नाही.

त्या पोलिश बायका वाट कशाची पाहत होत्या तेही सांगते. नवरे, भाऊ, मुलगे आंदेर्सच्या सैन्यात इटलीत लढत होते. १८ मे १९४४ला मोन्ते कॅसिनोच्या डोंगरावरच्या उद्ध्वस्त मठावर पोलिश झेंडा लागला. त्या लढाईत भारतीय डिव्हिजनही होत्या, आणि त्याच इटलीत दोन महिन्यांनी माणगाव तालुक्यातले पळसगावचे यशवंत घाडगे धारातीर्थी पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वळिवड्याच्या बराकीतून आणि शेजारच्या मराठा घरांतून पत्रे एकाच रणांगणाकडे जात होती. ती लिहिणाऱ्या दोघींनाही एकमेकींचे पत्ते वाचता आले नसते.

एवढे करून हाती काय आले? फेब्रुवारी १९४५मध्ये याल्ताला तीन म्हातारे बसले आणि या लोकांचा सगळा पूर्वभाग सोव्हिएत संघाकडे गेला. ल्वूव, विल्नो, व्होल्हीनिया. गावे जिथल्या तिथे राहिली, चर्चचे मनोरे, विहिरी, बागा, सगळे. देश तेवढा त्यांच्या खालून सरकला. तुम्हाला हे समजावून सांगायला नको. शिकारपूर, सक्कर, लारकाना आजही जागच्या जागी आहेत. जुलै १९४५मध्ये इंग्रजांनी लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताच काढून घेतली आणि वळिवड्यातली पाच हजार माणसे एका दिवसात कुणाचीच उरली नाहीत. विजयी पक्षाची माणसे, पण परत जायला घर नाही. पुढची तीन वर्षे थोडीथोडी करत ती पांगली. काही पोलंडला, बरीचशी इंग्लंडला, बाकी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, जिथे कोणी घेईल तिथे. दोन-चार पोरी इथल्याच मुलांशी लग्न करून राहिल्या, नऊवारी नेसल्या, मराठी बोलल्या. १९४८मध्ये कॅम्प रिकामा झाला आणि तुमच्या घरची माणसे आत आली. जागेला गांधीनगर नाव पडले.

जे गेले ते आपापल्या मुलाबाळांना वळिवड्याच्या गोष्टी सांगत राहिले. बाकी जे मागे राहिले ते दफनभूमीत आहेत.

तुमच्यापैकी कुणी तिथे गेले असेल तर माफ करा, पण बहुतेक गेला नसाल. साधी थडगी आहेत. मध्यंतरी पोलंडच्या बाजूने डागडुजी झाली. पोलिश थडगे ओळखायची एक खूण सांगते. नावाच्या वर दोन अक्षरे असतात, इंग्रजी 'एस'सारखे एक, त्याच्या डोक्यावर तिरपी रेघ, आणि शेजारी 'पी'. मला आधी ते कुणाच्या आडनावाआधीचे संक्षेप वाटले. प्रत्येक दगडावर तेच दिसल्यावर कळले की हे आपले 'कै.' आहे. पवित्र स्मृतीचा किंवा स्मृतीची, असा त्याचा अर्थ. आडनाव 'स्की'ने संपले तर पुरुष आणि 'स्का'ने संपले तर बाई, म्हणजे पाटील आणि पाटलीण. पुढे जन्मसाल आणि मृत्यूसाल. दोन्हींमधले अंतर काढायची मास्तरकीची सवय सुटत नाही. तिथे ती मोडावीशी वाटली.

मी त्या दिवशी एका दगडापुढे बसून नाव देवनागरीत लिहून घ्यायचा प्रयत्न केला. आणि एक मजेची गोष्ट हाती लागली. पोलिश नावे इंग्रजीत वाचली की त्यांचे मातेरे होते. मराठीत मात्र ती जवळजवळ जशीच्या तशी बसतात, कारण त्यांच्याकडेही आपले दोन्ही 'च' आहेत. एक आपल्या 'चाक'मधला आणि एक 'चिंच'मधला. पोटातून रेघ मारलेला 'एल' हा 'ल' नव्हेच, तो 'व'च्या जवळचा. अनुनासिकाला आपल्याकडे टिंब तयारच आहे. मुंबईच्या हिंदीला न जमणारे काम माझ्या आजीची बोली सहज करते. आजीने 'जेंकुये' बरोबर म्हटले ते काही उगीच नव्हे.

आता मागणे. दोनच आहेत.

पहिले, त्या नावांचा एक फलक देवनागरीत. एका माणसाच्या उंचीचा, साधा, पत्र्याचा चालेल. नाव, जन्म, मृत्यू, आणि शक्य तिथे मूळ गाव. नावे उतरवून घ्यायचे, उच्चार तपासायचे काम मी आणि माझ्या जुन्या विद्यार्थिनी करू. रंगाऱ्याचे पैसे तुम्ही द्यावेत.

दुसरे, १ नोव्हेंबरची संध्याकाळ. पोलंडमध्ये त्या दिवशी सगळा देश आपापल्या दफनभूमीत जातो. सर्व संतांचा दिवस. प्रत्येक थडग्यावर दिवा लागतो; ज्याला कोणी नाही त्याच्यावर शेजारच्या थडग्यावाले लावतात. रात्री लांबून पाहिले तर टेकडी पेटल्यासारखी दिसते म्हणतात. आपल्याकडे तो दिवस कधी दिवाळीच्या आधी येतो, कधी नंतर, कधी ऐन दिवाळीत. तुमचा धंद्याचा मोसम, मला कळते. पण दुकान बंद करून अर्धा तास यायचे आहे. दफनभूमीची देखभाल पाहणाऱ्या ख्रिस्ती मंडळींना आधी विचारून, त्यांच्याबरोबरच.

तुम्ही म्हणाल, आम्हीच का? महावीर गार्डनमध्ये १९९८पासून स्मारकाचा स्तंभ आहे. सप्टेंबर २०१९मध्ये, महापूर ओसरून काही आठवडेच झाले असताना, लहानपणी इथे राहिलेले पोलिश आजी-आजोबा वळिवड्याला येऊन गेले, तिथेही एका स्तंभाचे अनावरण झाले. ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला फुले वाहिली. हे सगळे झाले आणि व्हावेच. पण ती दोन देशांची कामे आहेत. त्यात हार असतात, भाषण असते, गाडी दारात उभी असते. दिवा लावायला घरचे माणूस लागते. त्या लोकांचे इथे घरचे म्हणावे असे कोण उरले आहे? एका जागेत आधी राहून गेलेले आणि नंतर राहायला आलेले यांच्यात काय नाते असते त्याला मराठीत शब्द नाही. सिंधीत असेल तर मला कळवा.

शिवाय एक गोष्ट मी त्या आजोबांच्या तोंडूनच ऐकली. बस्ता बांधून झाला, बिल झाले, तेव्हा ते सहज म्हणाले की त्यांच्या आजीला कराचीत अग्नी दिला, अस्थी सिंधूत सोडल्या, आणि त्या घाटावर आता कोण जात असेल कुणास ठाऊक. मी काही बोलले नाही. तुमच्या माणसांसाठी तिकडे कोणी दिवा लावते की नाही हे आपल्या हातात नाही.

वाऱ्याचे मात्र आधी पाहायला हवे. नोव्हेंबरात संध्याकाळी मोकळ्या जागेत पणती टिकत नाही. गेल्या वर्षी मी एकटीने पाच लावून पाहिल्या, तीन विझल्या. पोलिश लोक त्यासाठी झाकणाचे काचेचे दिवे वापरतात. आपल्याकडे चहाचे काचेचे ग्लास चालतील, तळाशी थोडी वाळू घालून. तुमच्या बाजारात भांड्यांची दुकाने आहेतच. शंभर ग्लास एकाच मापाचे मिळाले तर बरे. वाती मी वळून ठेवल्या आहेत. तेल कुणी द्यायचे ते तुम्ही आपसात ठरवा आणि त्या पेढीवरच्या आजोबांना निरोप द्या, की उचगावच्या बाई पाच वाजता फाटकापाशी उभ्या असतील.

तुमची,
तीन बस्त्यांची जुनी गिऱ्हाईक,
एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर